वाटी, आहेराची वही आणि परदेशी टपालाचा हिशोब

माझ्या कपाटात लाल पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. तिच्या प्रत्येक पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारलेली असून डाव्या रकान्यावर ‘गेली’ आणि उजव्या रकान्यावर ‘आली’ असे लिहिलेले आहे. 1979 साली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, स्वित्झर्लंडमधील माझ्याच वयाच्या एका तिकीटसंग्राहकाशी माझा पत्रव्यवहार सुरू झाला आणि तेव्हापासून त्याला पाठवलेल्या व त्याच्याकडून आलेल्या प्रत्येक पत्राची तारीख मी या वहीत नोंदवत आलो. पुढे सारी नोकरी एका बँकेच्या हिशोब विभागात गेली, त्यामुळे ही खोड सुटण्याऐवजी पक्की झाली.

आम्ही नाशिकरोडचे. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, प्रेसमध्ये कामाला होते. इंडिया सिक्युरिटी प्रेस हे पूर्ण नाव आमच्या भागात फारसे कोणी घेत नाही. नुसते ‘प्रेस’ म्हटले की कळते. 1925 साली हा छापखाना सुरू झाला आणि तोपर्यंत लंडनच्या दे ला रू कंपनीकडून छापून येणारी हिंदुस्थानची टपाल तिकिटे नाशिकला छापली जाऊ लागली. त्यामुळे माझ्या स्विस मित्राला मी पाठवत असलेल्या पत्रांवरचे तिकीट आमच्याच गावात तयार झालेले असे, आणि एरोग्राम वापरला तर तो निळा कागदही इथलाच असे. मित्राला याचे फार अप्रूप वाटत असे. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता आणि एका रात्री जेवताना मी तो अण्णांना विचारला. तिकिटाचे पैसे आपण आपल्या पोस्टात भरतो, ते पैसे भारत सरकारकडे राहतात. मग स्वित्झर्लंडचा पोस्टमन बर्फातून चालत जाऊन ते पत्र माझ्या मित्राच्या दारात कशासाठी टाकतो? त्याचा पगार कोण देते? अण्णांनी थोडा विचार करून सांगितले, “असेल काहीतरी त्यांचं आपापसांत ठरलेलं. उगाच कोण कोणाचं ओझं वाहील?”

हे आपापसांत ठरलेले काय आहे, ते समजून घेण्यात माझी पुढची बरीच वर्षे गेली. एका हिशोबनिसाला तो विषय इतका मोहक का वाटतो, ते सांगण्यासाठी आधी ठरण्यापूर्वीची अवस्था सांगावी लागेल.

1840 साली इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांच्या आग्रहामुळे एका पेनीत देशभर कोठेही पत्र जाऊ लागले. हिल यांनी आकडेमोड करून दाखवले होते, की लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतकाच येतो. खरा खर्च होतो तो पत्रे घेणे, हशील ठरवणे, नोंदी ठेवणे आणि घरोघर पैसे वसूल करत फिरणे यांवर. आपल्याकडेही 1854 साली पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग अंतर कितीही असो, असा नियम झाला. देशाच्या सीमेच्या आत अशा रीतीने टपाल स्वस्त आणि सोपे झाले, परंतु सीमा ओलांडणाऱ्या पत्राच्या नशिबी ते सुख नव्हते. पाठवणाऱ्या देशातील वाहतूक, समुद्रावरील आगबोट, वाटेतल्या प्रत्येक देशाची वाहतूक आणि शेवटचा बटवडा या प्रत्येक टप्प्याचा आकार वेगळा, तो ठरवणारा करार वेगळा, वजनाचे माप वेगळे आणि नाणेही वेगळे.

अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातला व्यवहार या दृष्टीने फार बोलका आहे. 1847 साली अमेरिकेने स्वतःची ‘वॉशिंग्टन’ नावाची डाकवाहू आगबोट अटलांटिकपार पाठवली, तेव्हा ब्रिटिश टपाल खात्याने फर्मान काढले, की या बोटीने आलेल्या प्रत्येक पत्रावर एक शिलिंग वसूल केला जाईल. ब्रिटिश बोटीने आलेल्या पत्रावर जेवढा आकार पडे तेवढाच हा होता. म्हणजे ब्रिटिश बोटीने न केलेल्या प्रवासाचेही भाडे ब्रिटन घेणार आणि अमेरिकन बोटीचे भाडे पत्र पाठवणाऱ्याने आधी भरलेले असणार. वर्षभराने अमेरिकेनेही सूड म्हणून तसाच कायदा केला आणि ब्रिटिश बोटींनी येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांवर दुहेरी हशील बसवले. भांडण दोन सरकारांचे, भुर्दंड मात्र आयर्लंडमध्ये आईवडील सोडून आलेल्या मजुरांना. अखेर डिसेंबर 1848 मध्ये दोन्ही देशांत करार झाला आणि अर्ध्या औंसाच्या पत्राला 24 सेंट असा दर ठरला.

हे 24 सेंट कसे वाटून घ्यायचे, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील वाहतुकीचे 5, समुद्राचे 16 आणि ब्रिटनमधील वाहतुकीचे 3. पत्राचे पैसे अमेरिकेत भरलेले असतील आणि ते ब्रिटिश बोटीने गेले असेल, तर अमेरिकेने 5 सेंट ठेवून 19 ब्रिटनच्या नावे जमा करायचे. तेच पत्र अमेरिकन बोटीने गेले असेल, तर 21 ठेवून 3 द्यायचे. पैसे न भरता पाठवलेले, म्हणजे आपल्याकडे ज्याला नॉटपेड म्हणत ते पत्र असेल, तर हा सारा हिशोब उलट्या दिशेने. त्यासाठी कारकून प्रत्येक पाकिटावर देण्या-येण्याचा आकडा शिक्क्याने उमटवत असे. त्या काळातील पाकिटांवरचे ‘19’ आणि ‘3’ हे गूढ आकडे आज संग्राहक हौसेने जमवतात. मी अशा पाकिटांची छायाचित्रे पाहतो, तेव्हा मला आमच्या बँकेच्या शाखांमधल्या मेळ न लागणाऱ्या नोंदी आठवतात आणि त्या अनाम कारकुनाविषयी सहानुभूती वाटते. प्रत्येक पत्रामागे एक खतावणीची नोंद, आणि हे केवळ दोन देशांमध्ये. तिसऱ्या देशातून जाणारे पत्र असेल, तर विचारायलाच नको.

याच सुमारास अमेरिकेतील एलिहू बरिट हा धंद्याने लोहार आणि स्वतःच्या कष्टाने अनेक भाषा शिकलेला गृहस्थ इंग्लंडमध्ये गावोगाव सभा घेत फिरत होता. समुद्रापलीकडच्या वाहतुकीलाही एका पेनीहून जास्त आकार नको, अशी त्याची मागणी होती आणि गरिबांची पत्रे अडली नाहीत तर युद्धेही कमी होतील, असे तो मनापासून मानत असे. त्याची दुसरी अपेक्षा इतिहासाने खोटी ठरवली, पहिली मात्र निम्मीशिम्मी का होईना, खरी झाली. अटलांटिकपारचे 24 सेंट 1868 साली 12 झाले आणि 1870 साली 6 वर आले. परंतु ही घासाघीस दोन देशांची होती आणि तिचा लाभही त्या दोघांनाच. प्रत्येक देशाने प्रत्येक देशाशी असे एकेक करार करत बसायचे म्हटले, तर ते काम कधीही संपणारे नव्हते.

सर्वांनी एकत्र बसावे, ही सूचना प्रथम अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल माँटगोमेरी ब्लेअर यांनी केली. त्यानुसार 1863 साली पॅरिसमध्ये 15 देशांचे प्रतिनिधी जमले, काही सर्वसाधारण तत्त्वे त्यांनी मान्य केली आणि कोणताही बंधनकारक करार न करता ते परत गेले. तत्त्वतः मान्य असणे आणि सही करणे यांत किती अंतर असते, हे सहकारी संस्थांच्या सभा पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

त्या तत्त्वांना कराराचे रूप देण्याचे श्रेय हाइनरिश फोन स्टेफान यांना जाते. पोमेरानियातील श्टोल्प या गावी एका कारागिराच्या घरात जन्मलेला हा मनुष्य प्रशियाच्या टपाल खात्यात अगदी खालच्या जागेवरून चढत सर्वोच्च पदावर पोहोचला होता. 1868 साली त्यांनी जागतिक टपाल संघाचा आराखडा मांडला, पण फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटल्यामुळे तो काही वर्षे बासनात राहिला. शेवटी स्विस सरकारच्या निमंत्रणावरून 15 सप्टेंबर 1874 रोजी बर्न शहरात 22 देशांचे प्रतिनिधी जमले आणि 9 ऑक्टोबरला करार तयार झाला. आज 9 ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच. चोवीस-पंचवीस दिवसांत इतके देश एका कागदावर आले, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

करारातले पहिले कलम सांगते, की पत्रांच्या देवाणघेवाणीपुरते हे सर्व देश मिळून एकच टपाल प्रदेश समजला जाईल. दुसरी गोष्ट दराची: 15 ग्रॅमपर्यंतच्या पत्राला 25 सेंटीम, म्हणजे पाव फ्रँक. प्रत्येक देशाचे नाणे वेगळे असल्याने 20 ते 32 सेंटीमच्या दरम्यान आपापल्या सोयीचा आकडा निवडण्याची मुभा होती आणि लांबच्या समुद्रप्रवासासाठी काही अधिभारही घेता येत असे. या सर्व गोष्टी महत्त्वाच्या आहेत, परंतु माझे मन जडले ते नवव्या कलमावर. त्यात म्हटले आहे, की प्रत्येक टपाल खात्याने आपण वसूल केलेली सर्व रक्कम स्वतःकडेच ठेवावी आणि म्हणून या बाबतीत खात्याखात्यांमध्ये कोणताही हिशोब ठेवण्याची गरज उरणार नाही. पाच, सोळा आणि तीनचे सारे गणित, पाकिटांवरचे सारे आकडे, महिन्यामहिन्याची सारी टाचणे एका वाक्यात निकालात निघाली.

हे वाक्य उभे आहे ते एका साध्या गृहीतकावर: पत्राला उत्तर येते. मी स्वित्झर्लंडला पत्र पाठवले तर भारताने पैसे घेतले आणि स्वित्झर्लंडने फुकट बटवडा केला. मित्राने उत्तर पाठवले की स्वित्झर्लंडने पैसे घेतले आणि आमच्या पोस्टमनने फुकट बटवडा केला. ढोबळमानाने फिटंफाट. माझ्या लहानपणी आमच्या आळीत हाच नियम होता. आई शेजारी वाटीभर खीर पाठवायची आणि शेजारची वाटी कधी रिकामी परत जात नसे. काही नसले तर चिमूटभर साखर तरी तिच्यात घालून ती परत केली जाई. किती वाट्या गेल्या आणि किती आल्या, याची नोंद कोणी ठेवत नव्हते, आणि कोणी ठेवली असती तर ती गोष्ट आळीभर चघळली गेली असती. अण्णांच्या प्रश्नार्थक उत्तराचे खरे उत्तर हे आहे. स्विस पोस्टमन माझे पत्र वाहतो, कारण आमचा पोस्टमन त्याच्या देशाचे पत्र वाहतो.

मात्र वाटी ज्या घरातून केवळ पुढे जायची, त्या मधल्या घराचे काय? बर्नमधली खरी ओढाताण या प्रश्नावर झाली. स्टेफान यांचे म्हणणे होते, की वाटेतल्या देशांनी इतरांचे टपाल फुकट जाऊ द्यावे. नकाशात ज्यांची जागा मोक्याची होती, त्यांना हे परवडणारे नव्हते. फ्रान्सचे उदाहरण घेऊ. नाशिकमधून विलायतेला निघालेले पत्र थळ घाट उतरून मुंबईला जाई, तेथून आगबोटीने सुएझला, पुढे भूमध्य समुद्र ओलांडून इटलीतील ब्रिंदिसीला आणि तेथून आगगाडीने इटली व फ्रान्स पार करून लंडनला. या डाकेच्या वाहतुकीपासून मिळणारे उत्पन्न सोडायला फ्रान्स तयार नव्हता आणि बर्नमध्ये त्याने सही केली नाही. पुढच्या वर्षी सही झाली आणि 1 जानेवारी 1876 पासून त्याने करार अमलात आणला. तडजोड अशी निघाली, की टपाल अडवायचे नाही, ते कोणत्याही देशातून जाण्यास मोकळीक असेल, पण मधल्या देशाला वजनावर मोबदला मिळेल: एक किलो पत्रांमागे 2 फ्रँक, अंतर 750 किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर 4 फ्रँक आणि लांबच्या समुद्रप्रवासाला जास्तीत जास्त साडेसहा. पत्र मोजण्याऐवजी पिशवी तोलायची, तीही रोज नव्हे, तर ठराविक मुदतीने केलेल्या नमुना-मोजणीवरून. माझ्यासारख्याला यात जी अक्कल दिसते ती अशी, की जिथे हिशोब टाळता येत नव्हता तिथे त्यांनी तो जाडाभरडा करून घेतला आणि जाडाभरडा आहे हे मान्यही केले.

1 जुलै 1875 रोजी करार सुरू झाला आणि बरोबर एक वर्षाने, 1 जुलै 1876 रोजी, ब्रिटिश हिंदुस्थान संघात सामील झाला. 1878 च्या पॅरिस अधिवेशनात संघाला ‘जागतिक टपाल संघ’ हे आजचे नाव मिळाले. परंतु आपल्याकडील दर एका रात्रीत उतरले असे समजू नये. समुद्राचा अधिभार बरीच वर्षे टिकून राहिला. त्याची एक सुरेख खूण संग्राहकांना माहीत असते: साडेचार आण्यांच्या हिरव्या तिकिटावर 1891 साली ‘2½’ असा आकडा काळ्या शाईने छापून ते अडीच आण्यांना विकले गेले. परदेशी पत्राचा दर खाली आला होता आणि नवी तिकिटे लंडनहून येईपर्यंत थांबण्याची तयारी नव्हती. माझ्या संग्रहात त्याची एक फाटकी प्रत आहे. तिला बाजारात किंमत नाही, पण टपालहशील कमी झाल्याचा इतका थेट पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

रंगांची कथाही इथलीच. 1897 च्या वॉशिंग्टन अधिवेशनात ठरले, की परदेशी छापील मजकुराच्या तिकिटाचा रंग हिरवा, पोस्टकार्डाचा लाल आणि पत्राचा निळा असावा, म्हणजे कोणत्याही देशाच्या कारकुनाला लिपी वाचता आली नाही तरी हशील पुरेसे भरले आहे की नाही, हे एका दृष्टिक्षेपात कळावे. त्यानुसार 1900 साली आपले अर्ध्या आण्याचे तिकीट हिरवे, एक आण्याचे लाल आणि अडीच आण्यांचे निळे झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा नियम टिकला.

दरम्यान साम्राज्यातील पत्रांसाठी निराळी खटपट चालली होती. कँटरबरीचे खासदार जॉन हेनिकर हीटन यांनी वर्षानुवर्षे पार्लमेंटमध्ये टुमणे लावून धरले होते आणि कॅनडाचे पोस्टमास्टर जनरल विल्यम म्यूलॉक यांची त्यांना साथ मिळाल्यावर 25 डिसेंबर 1898 पासून ब्रिटन, कॅनडा, हिंदुस्थान आणि इतर काही वसाहतींमध्ये एका पेनीत, म्हणजे आपल्या एका आण्यात, पत्र जाऊ लागले. त्यामागे साम्राज्याच्या एकजुटीचा अभिमान होता, आपल्या लोकांच्या सोयीचा विचार नव्हे, हे उघड आहे. तरीही विलायतेत बॅरिस्टरी शिकायला गेलेल्या मुलाच्या आईला दर डाकेला पत्र धाडणे त्यामुळे परवडू लागले असेल, तर त्या सवलतीला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. जर्मनीला किंवा फ्रान्सला त्याच वजनाचे पत्र पाठवायचे तर मात्र अडीच आणे पडत.

आता एक छोटासा कागद. पत्र पाठवणाऱ्याला उत्तराचेही हशील स्वतः भरायचे असेल तर काय करावे? आपले तिकीट तिकडे चालत नाही. यासाठी 1906 च्या रोम अधिवेशनात ‘आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन’ निघाले: ते कोणत्याही सदस्य देशातील पोस्टात द्यावे आणि परदेशी पत्राला पुरेल इतके तिकीट घ्यावे. माझ्या मित्राने 1982 साली असे एक कूपन मला पाठवले. मी मोठ्या ऐटीत ते शहरातील एका पोस्टाच्या खिडकीवर ठेवले. कारकुनाने ते उजेडात धरले, उलटे केले आणि विचारले, “काय हो, हे लॉटरीचं तिकीट इथं कशाला आणलंत?” मी समजावण्याचा प्रयत्न केला. ते आत जाऊन पोस्टमास्तरांना घेऊन आले; पोस्टमास्तरांनी एक जाडजूड नियमपुस्तिका काढून बराच वेळ चाळली आणि अत्यंत सौजन्याने सांगितले, की असे काहीतरी असते हे खरे, पण वरून विचारून घ्यावे लागेल, तुम्ही आठ दिवसांनी या. मी कूपन परत घेतले आणि पदरचे तिकीट लावून उत्तर पाठवले. ते कूपन लाल वहीत अजून आहे. त्या दोघांचा मला राग नाही. अधिवेशनात मान्य झालेली गोष्ट प्रत्येक खिडकीपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे मी पुढे बँकेत स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिले.

याच कूपनाच्या आडून 1920 साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने लोकांना गंडवले होते. पहिल्या महायुद्धानंतर इटलीसारख्या देशांच्या नाण्याची किंमत घसरल्यामुळे तिथे कूपन स्वस्तात घेऊन अमेरिकेत त्याची महाग तिकिटे मिळवता येतील, असे सांगून त्याने 45 दिवसांत पन्नास टक्के नफ्याचे आमिष दाखवले. कल्पनेत तथ्य होते. मात्र कूपनांचा व्यापार त्याने जवळपास केलाच नाही, नव्या गुंतवणूकदारांचे पैसे जुन्यांना दिले. बँकेच्या नोकरीत आम्हाला फसव्या योजनांचे प्रशिक्षण देताना त्याचे नाव हमखास निघे, पण मुळात तो टपालाच्या दरांतील फटीत घुसला होता, हे सांगणारा अधिकारी मला भेटला नाही.

वाटीच्या व्यवहारात खरी अडचण आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पत्राला पत्र येते हे खरे, पण नियतकालिकाला नियतकालिक येत नाही आणि जाहिरातीच्या माहितीपत्रकाला तर कोणीच उत्तर पाठवत नाही. श्रीमंत देशांतून मासिके, पुस्तके, पत्रके यांच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर पडत आणि जे देश पाठवण्यापेक्षा घेतच जास्त होते, त्यांचे पोस्टमन दुसऱ्यांचे ओझे विनामोबदला वाहत राहत. म्हणून 1969 च्या टोकियो अधिवेशनात प्रथमच ठरले, की दोन देशांमधील टपालाच्या वजनात जी तफावत असेल, तेवढ्यापुरता जास्त पाठवणाऱ्याने घेणाऱ्याला किलोमागे अर्धा सुवर्ण फ्रँक (संघाच्या हिशोबापुरते मानलेले नाणे) द्यावा. 1971 पासून ही पद्धत सुरू झाली आणि तिला ‘टर्मिनल ड्यूज’ हे नाव आहे. शंभर वर्षांपूर्वी नवव्या कलमाने बंद केलेली वही पुन्हा उघडली गेली. आमच्याकडे लग्नात आहेराची वही असते, कोणी काय दिले ते त्यात लिहितात आणि पुढे त्यांच्या घरच्या कार्यात तेवढे तरी परत करतात. आळीतल्या वाटीचा मोकळेपणा तिच्यात नाही, पण ती वही ठेवणारे लोक कद्रू असतात असेही नाही. घरे लांब गेली आणि माणसे वाढली की ती लागतेच. त्यामुळे टोकियोत झाले ते मला चूक वाटत नाही. वाईट वाटते ते इतकेच, की एकदा वही उघडली की ती पातळ राहत नाही. अधिवेशनागणिक दर वाढले, विकसित आणि विकसनशील देशांसाठी वेगळे तक्ते झाले, वजनाबरोबर नगही मोजले जाऊ लागले.

या तक्त्यांमुळेच अलीकडचा मोठा तंटा उभा राहिला. पत्रांसाठी ठरवलेल्या सवलतीच्या दरांत दोन किलोपर्यंतची छोटी पुडकीही बसत होती आणि इंटरनेटवरील खरेदीमुळे चीनमधून अमेरिकेत अशी पुडकी अफाट संख्येने येऊ लागली. चीनमधून आलेल्या पुडक्याचा बटवडा करायला आम्हाला जितके मिळतात, त्यापेक्षा आमच्याच देशातल्या व्यापाऱ्याला शेजारच्या राज्यात माल पाठवायला जास्त पडतात, अशी अमेरिकेची तक्रार होती, आणि ती अवास्तव नव्हती. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेने संघातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. एक वर्षाची मुदत संपण्याआधी, 24 ते 26 सप्टेंबर 2019 या दिवसांत, जिनिव्हा येथे विशेष अधिवेशन भरले आणि अशा पुडक्यांच्या बटवड्याचे दर मर्यादेत राहून देशांनी स्वतः जाहीर करावेत, अशी तडजोड निघाली. अमेरिका संघात राहिली. या साऱ्या वादात माझ्या वीस ग्रॅमच्या पाकिटाचा दोष नव्हता, पण ज्या पिशवीतून ते जाते, तिच्यात आता मोबाइलची आवरणे आणि चार्जरच्या तारा जास्त असतात. पत्र स्वस्तात जावे म्हणून ज्यांनी बर्नमध्ये चोवीस दिवस घासाघीस केली, त्यांना ही पिशवी ओळखू आली नसती.

बर्न शहरात या संघाचे एक स्मारक आहे, 1909 साली उभारलेले. पृथ्वीच्या गोलाभोवती पाच खंडांच्या पाच आकृती तरंगत एकमेकींच्या हातात पत्रे देत आहेत. माझ्या मित्राने त्याचे चित्र असलेले पोस्टकार्ड मला पाठवले होते. ‘आली’ रकान्यात ती चौदावी नोंद आहे.

लाल वहीतला मेळ मात्र आता लागत नाही. 2009 सालच्या दिवाळीपर्यंत दोन्ही रकान्यांत 38 नोंदी होत्या. त्यानंतर मी तीन पत्रे पाठवली, त्यांना उत्तर आले नाही आणि ती परतही आली नाहीत, म्हणजे तिकडच्या कोणत्यातरी पोस्टमनने ती नेऊन टाकली असणार आणि त्या तीन फेऱ्यांचे त्याच्या खात्याला आमच्याकडून उत्तराच्या रूपाने काहीच मिळाले नसणार. गेल्या सोमवारी नाशिकरोडच्या पोस्टात जाऊन मी त्याच पत्त्यावर आणखी एक पत्र टाकले. खिडकीवरच्या मुलीने ते तोलले, तिकिटे दिली आणि एकदा पत्ता वाचून विचारले, “काका, स्पीड पोस्ट नको का?” मी नको म्हणालो. घरी येऊन डाव्या रकान्यात तारीख घातली. आकडा 42 झाला.